वेरूळचे भोसले : वतनाच्या वाटेने एका घराण्याचा माग

छत्रपती शिवाजी महाराजांच्या घराण्याचा माग घेत मागे गेले, की कागदांची भक्कम वाट सोळाव्या शतकातल्या एका पाटलापाशी येऊन थांबते. बाबाजी भोसले हे त्या पाटलाचे नाव. देवगिरीच्या डोंगराआडचे वेरूळ आणि भीमेच्या काठची हिंगणी बेर्डी व देऊळगाव या गावांच्या पाटिलक्या भोसल्यांच्या घरात होत्या. बाबाजींना मालोजी आणि विठोजी हे दोन पुत्र. मालोजींचे पुत्र शहाजी आणि शहाजींचे शिवाजी. पाटलाच्या घरापासून सिंहासनापर्यंतचे अंतर या घराण्याने चार पिढ्यांत कापले.

बाबाजींच्या मागच्या पिढ्यांची नावे सांगणाऱ्या वंशावळी पुष्कळ आहेत. कोणी घराण्याला मेवाडच्या शिसोदियांशी जोडतो, कोणी कर्नाटकातल्या होयसळांशी. या वंशावळींचा निवाडा करणे कठीण आहे. घराण्याकडे कोणती जमीन होती, ती कोणत्या नात्याने होती आणि तिच्यावर धनी कोण होता, हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते. छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता, पूर्वेकडचे सिंदखेडराजा आणि दक्षिणेकडचा भीमाकाठ अशा तीन टप्प्यांत हा शोध घेता येतो.

वतन आणि मोकासा

या शोधाला निघण्यापूर्वी दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. वतन वंशपरंपरेचे असते. पाटिलकी, कुलकर्ण आणि देशमुखी ही वतने बापाकडून मुलाकडे जातात, भावाभावांत वाटली जातात, अडचणीत अर्धी-पाव विकलीही जातात. मोकासा किंवा जहागीर चाकरीपोटी मिळते. सुलतानाने सरदाराला घोडदळ बाळगण्यासाठी काही गावांचा किंवा परगण्याचा वसूल लावून द्यायचा आणि चाकरी संपली, मर्जी फिरली किंवा राज्य बुडाले, की तो काढून घ्यायचा, अशी ही रीत. मोकाशाने घराणी मोठी झाली, पण वतनामुळे ती टिकली.

पाटील हा गावचा मुकादम. सरकारचा वसूल गोळा करणे, पडीक जमिनीवर कुळे बसवणे, तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि भाऊबंदांच्या सभेपुढे, आणणे ही त्याची कामे. त्याच्या मोबदल्यात त्याला इनाम जमीन आणि धान्यातला वाटा मिळे. शिवाय मान असे. होळीची पहिली पोळी पाटलाची आणि पोळ्याच्या मिरवणुकीत पहिला बैलही पाटलाचा. या मानासाठी भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. तंटा झाला, की गोत बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. कागदावर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. बलुतेदारही आपापल्या धंद्याचे हत्यार निशाणी म्हणून उमटवत. महाराष्ट्रातल्या घराण्यांचा मध्ययुगीन इतिहास मोठ्या प्रमाणावर अशा भांडणांच्या कागदांतून उरला आहे. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असे हजारो कागद जमवले आणि छापले.

सरदारकी कितीही वाढली तरी पाटिलकीचा मान कमी झाला नाही. दिल्लीच्या बादशाहीची सूत्रे हाती आल्यावरही महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेत, कारण कण्हेरखेडची पाटिलकी त्यांच्या घराची स्वतःची होती. भोसल्यांच्या वेरूळच्या पाटिलकीकडेही याच दृष्टीने पाहावे लागते.

युरोपात असा शोध घेण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये चांगली रुजली आहे. बाराव्या शतकात राजा पहिल्या डेव्हिडने बाहेरून आलेल्या सरदारांना सनदा देऊन जमिनी दिल्या. पुढे अनेक घराण्यांनी त्या जमिनींचीच नावे आडनावे म्हणून घेतली. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडच्या जमीनदारांकडून निष्ठेची शपथ घेतली. त्या शपथेच्या गुंडाळ्यांत, ज्यांना ‘रॅगमन रोल’ म्हणतात, अनेक घराण्यांची नावे पहिल्यांदा किंवा फार लवकर सापडतात. योगायोग असा, की त्याच १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खल्जी देवगिरीच्या दारात उभा होता. दोन्हीकडच्या जमिनीच्या नात्यांत एक मोठा फरक मात्र आहे. स्कॉटलंडमध्ये जमिनीचा हक्क वरच्या धन्याच्या सनदेतून उतरत असे. महाराष्ट्रातला पाटील सुलतानाकडून वतनाची मान्यता घेई, पण त्याच्या हक्काची साक्ष गाव आणि गोत देई. म्हणून सुलतान बदलला तरी पाटील सहसा बदलत नसे.

खडकीचे पुरे

शोधाची सुरुवात शहरापासूनच करता येते. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी राजधानी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. डोंगरातले पाणी खापरी नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही मलिक अंबरचीच. नव्या शहरात मराठा सरदारांनी वाडे बांधले आणि त्यांच्या नावाने पुरे वसले असे सांगितले जाते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा आणि विठापुरा ही त्या पुऱ्यांची नावे. मालोजी, खेलोजी, परसोजी आणि विठोजी ही भोसले घराण्यातलीच नावे असून त्यांतले खेलोजी आणि परसोजी हे विठोजींचे पुत्र, म्हणजे शहाजींचे चुलतभाऊ.

या नावांतून भोसल्यांचे सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे स्थान कळते. घोडदळ घेऊन दरबारी उभे राहणाऱ्या आणि राजधानीत पुरा वसवणाऱ्या सरदारांत त्यांची गणना होत होती. एका पिढीपूर्वी हेच घराणे इथून ३० किलोमीटरवर गावचा वसूल गोळा करत होते. हा बदल कसा झाला, याचे उत्तर दौलताबादच्या रस्त्यावर मिळते.

देवगिरीचा पायथा

छावणी आणि मिटमिटा ओलांडून पश्चिमेकडे निघाले, की पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादचा सुळका दिसतो. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट अशा तटबंद्यांच्या रांगा या किल्ल्याला आहेत. कड्याचा खालचा भाग तासून उभा केला आहे, भोवती खंदक आहे आणि वर जायची वाट ‘अंधेरी’ नावाच्या खडकात कोरलेल्या काळोख्या बोगद्यातून जाते.

वेरूळ या किल्ल्याच्या सावलीतले गाव आहे. त्यामुळे किल्ला ज्याचा, तो वेरूळच्या पाटलाचा धनी, असा क्रम शतकानुशतके चालला. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरीला राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनने यादव राजा रामचंद्रदेवाकडून अमाप खंडणी नेली आणि १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाबरोबर यादवांची सत्ता संपली. त्याच सुमारास बांधलेली मशीद, जिला आता भारतमाता मंदिर म्हणतात, किल्ल्याच्या पायथ्याशी उभी आहे. मंदिरांचे कोरीव खांब त्या इमारतीत आजही दिसतात. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि गावाला दौलताबाद हे नाव मिळाले. १३४७ मध्ये याच दौलताबादेत हसन गंगूला राज्याभिषेक होऊन बहमनी राज्याचा जन्म झाला. किल्ल्यातला चाँद मिनार त्या बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. १४९९ मध्ये दौलताबाद अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले आणि जून १६३३ मध्ये मोगलांकडे. अठराव्या शतकात निजाम-उल-मुल्काने हैदराबादचे राज्य उभारले आणि १९४८ पर्यंत हा मुलूख त्या राज्यात राहिला.

सातशे वर्षांत यादव, दिल्लीचे सुलतान, बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम इतके धनी या मुलखाने पाहिले. प्रत्येकाला वसूल हवा होता आणि वसूल आणून देणारा माणूस गावात आधीपासून होता. यादव बुडाल्यावर त्यांचे सरदार नाहीसे झाले, तरी गावपातळीवरचे वतनदार पुष्कळसे जागेवर राहिले. पंधराव्या-सोळाव्या शतकात दख्खनी सुलतानांना घोडेस्वारांची गरज पडली, तेव्हा ते याच वतनदारांकडे वळले. ज्याच्या हाताखाली गाव आणि माणसे होती तो चार घोडी घेऊन चाकरीला आला. अशा रीतीने गावचा पाटील आधी शिलेदार आणि पुढे सरदार झाला. भोसले आणि सिंदखेडचे जाधव याच जिन्याने वर आले. फलटणच्या निंबाळकरांचा आणि मुधोळच्या घोरपड्यांचा उदयही सुलतानांच्या चाकरीतूनच झाला.

कागजीपुरा आणि खुलताबाद

दौलताबादचा घाट चढून पठारावर आले, की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा हे छोटे गाव लागते. हातकागद बनवणे हा या गावाचा जुना धंदा, आणि तो तुघलकाच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. दौलताबादी कागद दख्खनच्या दफ्तरांत वापरला जात होता. वतनाचा हक्क अखेर कागदावर ठरत असल्यामुळे या शोधात कागजीपुऱ्यावर क्षणभर थांबणे योग्य ठरते. महजर, कौल, खुर्दखत आणि फर्मान यांच्या भाषा वेगळ्या आणि शिक्के वेगळे, पण घराण्याच्या दृष्टीने सगळे सारखेच जपून ठेवण्याचे. घरावर धाड पडली, की आधी कागदांची पेटी हलवायची, ही वतनदारांच्या घरची शिस्त होती. पेटी जळाली तर नवा महजर करून घेण्यासाठी गोताला पुन्हा बसवावे लागे.

खुलताबाद सूफी संतांच्या दर्ग्यांचे गाव. १६२६ मध्ये वारलेल्या मलिक अंबरची कबर इथेच आहे आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारलेल्या औरंगजेबाचीही. भोसल्यांच्या इतिहासात मलिक अंबरचे स्थान मोठे आहे. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर निजामशाही जवळजवळ संपली होती. या हबशी वजिराने ती मराठा घोडदळाच्या जोरावर आणखी पंचवीस वर्षे चालवली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा त्याने पराभव केला. त्या लढाईत शहाजी, त्यांचे बंधू शरीफजी आणि विठोजींचे पुत्र निजामशाहीकडून लढले. शरीफजी तिथेच पडले.

शहाजी आणि शरीफजी या नावांमागे मालोजींच्या घरची एक श्रद्धा आहे. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला केलेल्या नवसाने हे पुत्र झाले, म्हणून पिराचे नाव दोघांत वाटून दिले, असे परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यात सांगितले आहे.

वेरूळ : गढी आणि देऊळ

खुलताबादहून उतार लागतो आणि पठाराच्या पश्चिम कड्यात कोरलेली लेणी दिसू लागतात. येळगंगेचा प्रवाह याच कड्यावरून खाली येतो. पर्यटक बहुतेक कैलास लेण्यापाशी थांबतात. भोसल्यांचे वेरूळ तिथून पश्चिमेला, सुमारे एक किलोमीटर अंतरावर आहे.

गावात मालोजीराजांच्या गढीचे अवशेष आणि शहाजीराजांचे स्मारक आहे. गढी हा शब्द या ठिकाणी नेमका बसतो. किल्ला राजाचा असतो, तर गढी पाटील-देशमुखांची. उंचवट्यावरचा जाड भिंतींचा वाडा, आत धान्याची पेवे, विहीर आणि घोड्यांची पागा असे तिचे साधारण रूप. मराठवाड्यात गावोगावी अशा पांढऱ्या मातीच्या गढ्या ढासळत उभ्या आहेत. सुगीला वसुलाचे धान्य इथे साठे आणि गावावर पेंढारी आले तर माणसे इथेच आसरा घेत. वेरूळच्या भोसल्यांची सत्ता याच प्रकारची होती. तिचा आवाका गावापुरता असला तरी मुळे खोल होती.

गावाजवळचे घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांतले एक. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजींनी केला, असे परंपरा सांगते. आज दिसणारे लाल दगडाचे देऊळ अठराव्या शतकात होळकरांच्या घरातल्या स्त्रियांनी उभे केले. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई यांची नावे या बांधकामाशी जोडली जातात. सभामंडपाच्या चोवीस खांबांवर शिल्पे आहेत आणि शिखरावर देवदेवतांच्या मूर्ती आहेत. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातले कपडे काढून जाण्याची प्रथा इथे आहे.

पाटलाने देवळाचा जीर्णोद्धार करणे ही सत्तेची जाहीर खूणही असते. जीर्णोद्धाराला पैसा लागतो. तो कुठून आला, याचे बखरींनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. मालोजी शेतात असताना भवानीने दृष्टान्त दिला, वारुळातून धनाचे हंडे निघाले, ते चांभारगोंद्याच्या, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याच्या, शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवले आणि त्यातून घोडी घेऊन मालोजींनी पथक उभे केले, अशी ती कथा. दृष्टान्त बाजूला ठेवला तरी कथेतला व्यवहार बारकाईने पाहण्याजोगा आहे. पाटिलकीच्या उत्पन्नातून घोडदळ उभे राहत नाही. त्याला सावकाराचे पाठबळ लागते. बारगिराला घोडे धनी देतो आणि शिलेदार स्वतःचे घोडे आणतो. आधी सिंदखेडच्या जाधवांकडे असलेले मालोजी आणि विठोजी स्वतःच्या पथकाचे धनी झाले आणि निजामशहाने त्यांना सरदार म्हणून मान्य केले. हा मोठा बदल बखरकारांनी धनाच्या हंड्यांच्या गोष्टीत बसवला आहे.

सिंदखेडची सोयरीक

वेरूळचा माग पूर्वेकडे जालन्यामार्गे सिंदखेडराजाला जातो. छत्रपती संभाजीनगरहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव लखुजी जाधवांच्या देशमुखीचे ठिकाण. जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म इथे झाला. लखुजींचा राजवाडा, रंगमहाल, नीळकंठेश्वराचे देऊळ आणि मोती तलाव आजही पाहता येतात. दगडी बांधाचा मोती तलाव पाहिला, की परगण्याच्या देशमुखाचा आवाका आणि गावच्या पाटलाचा आवाका यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

जाधवांच्या वाड्यातल्या रंगपंचमीला लहानग्या शहाजी आणि जिजा यांना पाहून लखुजींनी थट्टेत जोडा चांगला म्हटले आणि मालोजींनी ते शब्द धरून ठेवले, ही बखरींतली गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्यातला ताण जमिनीच्या प्रतीचा आहे. देशमुखाच्या मुलीला पाटलाच्या घरी द्यायचे का, असा प्रश्न होता. मालोजींना सरदारी आणि जहागीर मिळाल्यावर तो सुटला आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे लग्न झाले. मालोजींची स्वतःची सोयरीक फलटणच्या निंबाळकरांकडची, म्हणजे तीही वरच्या घरची होती. वतनदारांच्या जगात सोयरीक हा वर चढण्याचा दुसरा रस्ता होता.

मात्र सोयरिकीने धन्याची चाकरी एकच राहीलच असे नाही. लखुजी काही काळ मोगलांकडे गेले, तेव्हा सासरे आणि जावई समोरासमोरच्या फौजांत होते. निजामशाही दरबारातून परतताना खंडागळे या सरदाराचा हत्ती बिथरला आणि त्यातून उसळलेल्या मारामारीत लखुजींचे पुत्र दत्ताजी आणि विठोजींचे पुत्र संभाजी असे दोन्ही घरांतले तरुण मारले गेले. पुढे जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात दरबाराला आलेल्या लखुजींना, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह, निजामशहाने दग्याने ठार केले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजींचा जन्म झाला. सिंदखेडची लखुजींची भव्य समाधी याच हत्याकांडाची आठवण आहे. धन्याने एका दिवशी सरदारी संपवली, पण सिंदखेडची देशमुखी जाधवांच्या घरात राहिली.

भीमाकाठ

घराण्याच्या जमिनीचे दुसरे टोक दक्षिणेला, वेरूळपासून बरेच दूर आहे. हिंगणी बेर्डी आणि देऊळगाव ही गावे आज पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, भीमेच्या खोऱ्यात येतात. दोन इतक्या लांबच्या ठिकाणी एकाच घराण्याच्या पाटिलक्या असणे वेगळे वाटते. पण वतने विकत घेता येत, ओसाड गावे वसवण्याच्या कौलावरही मिळत. अशा कारणांनी वतने दूरदूर पसरत. भोसल्यांच्या बाबतीत याचा परिणाम फार मोठा झाला. देवगिरीच्या पायथ्याशी दरबार जवळ होता आणि भीमाकाठच्या वतनामुळे पुणे-सुपे मुलखाशी नाते होते.

याच बाजूला मालोजींच्या आणखी दोन खुणा आहेत. सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या यात्रेकरूंना पाणी मिळावे म्हणून मालोजींनी डोंगरावर तळे बांधले. शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. दुसरी खूण इंदापूरची. तिथल्या लढाईत मालोजी पडले आणि त्यांची समाधी तिथेच आहे. त्यांच्या मृत्यूच्या सालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. शहाजी लहान असल्याने काही काळ कारभार विठोजींनी पाहिला.

पुणे आणि सुपे परगण्यांचा मोकासा मालोजींच्या काळापासून भोसल्यांकडे आला. या मोकाशाची हकिगत पाहिली, की चाकरीच्या जमिनीचा स्वभाव कळतो. निजामशहाकडून मिळालेला हा मोकासा शहाजी धनी बदलत गेले तसा पुन्हा पुन्हा पक्का करून घ्यावा लागला. दौलताबाद पडल्यावर शहाजींनी पेमगिरीला निजामशाही वंशातला एक मुलगा गादीवर बसवून राज्य चालवून पाहिले. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर शरण जावे लागले आणि शहाजी आदिलशाहीत गेले. तेव्हा हाच पुण्याचा मुलूख त्यांना आदिलशहाकडून मिळाला. शहाजींना बंगळूरला पाठवल्यावर जिजाबाई आणि शिवाजी या मुलखात राहिले. स्वराज्याची सुरुवात भोसल्यांच्या मोकाशाच्या जमिनीवर झाली. चाकरीपोटी मिळालेली जमीन धन्याची परवानगी न घेता स्वतःची करणे, हा त्या सुरुवातीचा अर्थ.

वंशावळींचा प्रश्न

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी घराण्याचे क्षत्रियत्व सिद्ध करण्याचा प्रश्न आला. काशीचे गागाभट्ट यांनी विधी केले आणि भोसले हे मेवाडच्या शिसोदियांचे वंशज असल्याचे मान्य झाले. हे नाते राज्याभिषेकासाठी नव्याने जोडले असे म्हणता येत नाही. शहाजींच्या दरबारातला कवी जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात, जे वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले, शिसोदे कुळाचा उल्लेख आहे. उलट शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून परमानंदाने लिहिलेले शिवभारत सूर्यवंशाचे नाव घेऊन थेट मालोजींपासून कथा सुरू करते.

शिसोदिया परंपरेला जमिनीचा आधार देणारे कागद मुधोळच्या घोरपडे संस्थानाकडून पुढे आले. त्यांतली परंपरा अशी : चितोडच्या राजकुळातला सज्जनसिंह दक्षिणेत आला आणि त्याचा पुत्र दिलीपसिंह याला बहमनी सुलतानाने १३५२ मध्ये देवगिरी प्रांतात दहा गावे दिली. पुढे कर्णसिंह आणि शुभकृष्ण या भावांच्या काळात घर दुभंगले. कर्णसिंहाच्या शाखेने खेळणा किल्ल्यावर घोरपडीच्या साह्याने चढाई केली, म्हणून तिला घोरपडे हे नाव आणि मुधोळची जहागीर मिळाली. शुभकृष्णाची शाखा देवगिरीकडच्या जमिनीवर राहिली आणि तिच्यातून वेरूळचे भोसले आले. जमीन आणि चाकरी यांची ही साखळी सलग दिसते. या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल मात्र इतिहासकारांत वाद आहे. अनेकांनी ती उत्तरकालीन ठरवली आहेत.

दुसरी दिशा संशोधक रा. चिं. ढेरे यांनी दाखवली. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरच्या ग्रंथात त्यांनी कुलदैवताचा माग काढला आणि तो कर्नाटकात गदगजवळच्या सोरटूरला नेला. तिथला बळियप्पा हा गवळी राजा शिंगणापूरला आला आणि होयसळांशी नाते सांगणाऱ्या त्या कुळातून भोसले निघाले, अशी त्यांची मांडणी आहे. कागद संपले, की देव कुठून आला ते पाहावे, ही ढेरे यांची पद्धत. कुलदैवत हे वतनासारखेच सहसा बदलत नाही, हे तिच्यामागचे गृहीतक आहे. या मांडणीनेही वाद मिटलेला नाही.

तिसरा पुरावा दगडावरचा आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये ‘भोसले वंश चरित्र’ हा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरवला. वेरूळपासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात, घराण्याची हकिगत देवनागरीत कोरलेली आहे. पण तो शिलालेख बाबाजींनंतर जवळजवळ अडीच शतकांनी कोरला गेला. दगड टिकाऊ असला तरी मजकूर आठवणीचाच आहे. घराण्याच्या निरनिराळ्या वंशावळींत बाबाजींच्या खालची नावे जुळतात, वरची जुळत नाहीत. जुळणारी नावे पाटिलकीच्या काळातली आहेत. वतन हाती असलेल्या पिढ्या कागदात राहिल्या, त्याआधीच्या पिढ्या कथेत गेल्या.

म्हणून या शोधाचा निष्कर्ष मर्यादित, पण पक्का आहे. भोसले हे सोळाव्या शतकात वेरूळ आणि भीमाकाठ येथे वंशपरंपरेची पाटिलकी असलेले घराणे होते. निजामशाहीच्या लष्करी गरजेने ते सरदार झाले आणि जाधव-निंबाळकरांच्या सोयरिकीने वरच्या वतनदारांत गेले. बाबाजींच्या आधीचे राजकुळ मेवाडचे मानावे की कर्नाटकाचे, हे उपलब्ध साधनांवरून ठरत नाही.

प्रवासाची आखणी

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद आणि वेरूळ हा टप्पा एका दिवसात होतो. किल्ला चढायचा असेल तर सकाळी लवकर निघावे, कारण उन्हाळ्यात काळा कातळ दहा वाजताच तापतो. लेणी मंगळवारी बंद असतात. गढी आणि देऊळ पाहायला दुपारनंतरचा वेळ चांगला. सिंदखेडराजासाठी दुसरा दिवस ठेवावा. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची मोठी गर्दी असते, त्यामुळे वाडे निवांत पाहायचे असतील तर तो दिवस टाळावा. शिखर शिंगणापूर, इंदापूर आणि दौंडकडची गावे पुण्याहून दोन दिवसांत होतात.

ज्या जमिनीच्या नात्यांवर हा सगळा शोध उभा आहे, ती नाती आता कायद्याने संपली आहेत. स्कॉटलंडमध्ये सरंजामी जमीनधारणेचा शेवटचा अवशेष २८ नोव्हेंबर २००४ रोजी रद्द झाला. महाराष्ट्रात मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे १९६२ च्या कायद्याने त्याच्या चार दशके आधीच संपली होती. वेरूळच्या जमिनीचा हिशोब आज तलाठ्याच्या सात-बारावर असतो आणि पाटील हे बहुतेक ठिकाणी केवळ आडनाव उरले आहे.